डोंगरवार सर आणि परत आलेली मारबत

डोंगरवार सरांच्या शोकसभेत हेडसर म्हणाले, "सर म्हणजे हसतमुख व्यक्तिमत्त्व. आपल्या संस्कृतीचे खंदे रक्षक." मी दुसऱ्या रांगेत बसले होते. मी मान खाली घातली, कारण वर पाहिलं असतं तर तोंडून काहीतरी गेलं असतं. स्टाफरूममध्ये सरांच्या शेजारच्या खुर्चीवर मी इतकी वर्षं बसले. हसू त्यांच्या चेहऱ्यावर आलंच तर उभ्याउभ्या येऊन चहा न घेता निघून जायचं. हसतमुख म्हणे.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसले असते. शोकसभेत माणसाला थोडं गोड करून सांगतातच. पण हेडसरांच्या पाठीमागे काचेच्या कपाटात मारबत उभी होती. सरांच्या फोटोला एक हार घातला होता आणि उरलेला एक हार कोणीतरी कपाट उघडून मारबतीच्या गळ्यात टाकला होता. जी बाहुली त्या कपाटातून बाहेर काढावी म्हणून या माणसाने नोकरीची शेवटची वर्षं भांडण्यात घालवली, तिच्याच पुढ्यात आम्ही दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो. एसटीत बसल्यापासून घरी येईपर्यंत मी धुसफुसत होते. म्हणून हे लिहायला घेतलं. रागात लिहिते आहे. सरांची त्याला हरकत नसती.

मी मूळची गोंदियाची. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. आमच्या संस्थेने मला विज्ञान शिकवायला पिंपळटोल्याला पाठवलं. अर्जुनी मोरगावला रेल्वेतून उतरायचं आणि पुढे एसटीची वाट पाहायची. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये एक उंच, वाळका माणूस खिडकीशी बसून पेन्सिलींना टोक करत होता. पांढऱ्या शर्टाच्या खिशाला हिरव्या रंगाचा डाग होता. बाहेर लख्ख ऊन होतं तरी खुर्चीच्या पाठीला छत्री टांगलेली होती.

"कुठच्या?" त्यांनी विचारलं.

"गोंदियाची."

"मंग मराठी येते का?"

"येते की. तुम्हाला नीट बोलता येतं का?"

"नाई येत," ते म्हणाले आणि पुढची पेन्सिल उचलली. दुपारी डबे उघडले तेव्हा त्यांनी न विचारता लाखोरीच्या डाळीचं वरण माझ्या भातावर ओतलं. वर म्हणाले, "मीठ कमी आहे. आमच्या घरी रोजच कमी रायते." मी खाऊन पाहिलं. मीठ अगदी बरोबर होतं.

नीळकंठ डोंगरवार, चित्रकला शिक्षक. तक्रार हा त्यांचा नित्यनेम होता. खडू फुटतो, फळा चमकतो, एसटी वेळेवर येत नाही आणि आली तर थांबत नाही, पोरं झाडाचं चित्र काढतात ते पुस्तकातल्या झाडाचं, दारातल्या झाडाचं नाही. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. माणसाच्या पाठीमागे ते कधी बोलले नाहीत. शाळेसमोर शालिकची चहाची टपरी होती. सर रोज तिथे जायचे आणि रोज म्हणायचे, "काय गा शालिक, चहा देऊन राहिला का हात धुवाले पाणी?"

शालिक एकदा वैतागून म्हणाला, "सर, नोको वाटते तं दुसऱ्याच्या टपरीवर जा ना."

"तिथं जाऊन तुही तक्रार करू का? तुले सांगाचं थे तुलेच सांगीन. पोटात ठेवलं का सडते."

हा त्यांचा ठरलेला शब्द. पोटात ठेवलं का सडते. दुसरा शब्द 'फोकनाड'. पोकळ बोलण्याला आमच्याकडे फोकनाड म्हणतात. परिपत्रक आलं की सर चष्मा कपाळावर चढवून वाचायचे, परत घडी घालायचे आणि हा शब्द उच्चारून ते पुढच्याच्या हातात द्यायचे. स्टाफरूममधले बाकीचे हसायचे, आणि हेडसर आत आले की सगळे खोकायचे.

हे सगळं शाळेत बरं वाटायचं. घरी मात्र मला ते आवडत नसे. सणावारी ते मला जेवायला बोलवायचे. अनसूयाबाई, त्यांच्या पत्नी, ताट वाढायच्या आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहायच्या. पहिल्या घासाला सर म्हणायचे, मीठ कमी. दुसऱ्या घासाला, भात गिजगा, जास्त शिजलेला. शाळेत कोणी चिडवलं असलं की त्या दिवशी भाजीही बिघडलेली असायची. अनसूयाबाई काही न बोलता मिठाची वाटी ताटाशी सरकवायच्या. सर ते मीठ घ्यायचेसुद्धा नाहीत. मला वाटायचं, ही बाई एकदा तरी ती वाटी आपटेल. तिनं कधी आपटली नाही.

चित्रकला शिक्षक म्हणजे रिकामा माणूस, असा शाळांचा जुना समज आहे. त्यामुळे सांस्कृतिक विभाग सरांच्या गळ्यात. दर स्नेहसंमेलनात आमच्याकडे कोळी नृत्य असायचं. टोपल्या, जरीचे काठ, पुठ्ठ्याची वल्ही. एकदा सर हेडसरांच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले.

"आपल्या तलावावर ढिवर हाय. रोज जाळं टाकते. त्याची पोरगी आपल्याच शाळेत सातवीत. तिले तुम्ही समुद्रातली कोळीण करून राहिले. समुद्र कोणी पाह्यला इथं? तुम्ही पाह्यला?"

"सर, कोळी नृत्याला तालुक्याला नंबर येतो," हेडसर म्हणाले. "आणि मागचा पडदा तुम्हालाच रंगवायचा आहे. निळा जास्त वापरा."

सरांनी पडदा रंगवला. निळ्या लाटा, गलबत, सूर्य, सगळं ठरल्याप्रमाणे. फक्त उजव्या कोपऱ्यात आमच्या तलावाची पाळ काढली आणि पाळीवर खांद्यावर जाळं टाकलेला एक ढिवर. हे एवढं पाणी कुठून आलं, अशा नजरेनं तो समुद्राकडे बघत होता. कार्यक्रम संपेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. आमचा नंबरही आला. ढिवराची मुलगी तेवढी जाताना पडद्यापाशी थांबून हसली, असं सर म्हणाले, आणि लगेच तिच्या ओढणीच्या रंगाबद्दल काहीतरी वाईट बोलले.

एका वर्षी निबंध स्पर्धा आली. विषय, मानवी जीवनात संस्कृतीचे महत्त्व. तपासायला अर्थात सर. त्यांनी गठ्ठा स्टाफरूममध्ये टेबलावर टाकला आणि एकेक पहिली ओळ मोठ्याने वाचायला सुरुवात केली. संस्कृती हा मानवी जीवनाचा आरसा आहे. पुढचा निबंध, आरसा आहे. त्याच्या पुढचा, आरसा आहे. सगळ्यांनी एकच गाईड वापरलं होतं. सर वाचत होते आणि त्यांचा आवाज चढत होता.

"एवढे आरसे, आन् एकाचंही तोंड दिसून नाई राहिलं."

मला राग आला. मुलांनी दुसरं काय करायचं? त्यांना कोणी काही सांगितलंय का? मी म्हटलं, "मग तुम्हीच सांगा ना सर. वर्षभर हे नाही ते नाही म्हणता. आहे तरी काय ती संस्कृती?"

त्यांनी गठ्ठा परत बांधला. शाळा सुटल्यावर म्हणाले, "चला." मला वाटलं शालिकच्या टपरीवर. ते तलावाकडे वळले. गावचा तलाव जुन्या काळी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेला, सरांच्या घराण्यातलेही त्यात होते म्हणतात. ते स्वतः हे कधी सांगत नसत, पण पाळीवरून चालताना त्यांची चाल बदलायची. पाळीच्या टोकाशी, दगडांच्या उतारावर थांबून त्यांनी छत्रीने खाली दाखवलं.

"हा सांडवा. पाणी जास्त झालं का इथून जाते. पाळ केवढीही मजबूत बांधा, वरचं पाणी जाले वाट नसली तं फुटते. म्हाताऱ्यांनी पाळ बांधाच्या आधी सांडवा कुठं काढाचा थे ठरवलं."

"मी संस्कृतीचं विचारलं होतं."

"मी थेच सांगून राहिलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दारात उभ्या राहा. गोंदियाच्या लोकायले पाहूनच समजन."

पोळ्याच्या संध्याकाळी आमच्याकडे दारांना पळसाच्या फांद्या लावतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उपटून सगळं गाव शिवेकडे निघतं आणि पुढे मारबत असते. तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची बाहुली, वर मातीचा लेप, जुनं लुगडं, मोठे डोळे. गावातली रोगराई तिच्यासोबत बाहेर घालवायची. सरांची मारबत बघण्यासारखी असायची. वर्गात पोरांच्या चित्रांना नावं ठेवणारा हा माणूस तणस बांधताना कोणाशी बोलत नसे, आणि तिचा चेहरा दरवर्षी वेगळा करायचा. कधी रुसलेली, कधी दमलेली. एका वर्षी ती थेट हेडसरांसारखी दिसत होती. ते योगायोगाने झालं असं सरांचं म्हणणं होतं.

त्या पहाटे भुरभुर पाऊस होता. मी माझ्या भाड्याच्या खोलीच्या दारातली फांदी घेऊन लोकांच्या मागून चालू लागले. आधी म्हाताऱ्या बायांनी नेहमीचं सुरू केलं. खोकला, खरूज, हिवताप घेऊन जा गे मारबत. सगळे एका सुरात म्हणायचे, घेऊन जा गे मारबत. मग माशा, मोंगसे, सगळी उडणारी पीडा. आणि मग गाव हळूहळू खऱ्यावर आलं. "रेशनच्या तांदळातले खडे," एक आवाज आला. "घेऊन जा गे मारबत." "सासूची कुरकुर." "घेऊन जा गे मारबत." मागून एक म्हातारा आवाज, "सुनेचं मोबाइल पाहणं." सगळे हसले आणि तेही मारबतीला दिलं. सर मधूनच ओरडले, "घंटाभराचं भाषण." डोक्यावर टॉवेल घेतलेले हेडसर माझ्या पुढेच चालत होते. त्यांनाही म्हणावं लागलं, घेऊन जा गे मारबत.

नियम असे. कोणाचं नाव घ्यायचं नाही. कोणी काही बोललं तर उलट उत्तर द्यायचं नाही. शिवेवर मारबत पेटवायची, फांद्या तिच्यावर टाकायच्या आणि मागं वळून न पाहता घरी यायचं. आल्यावर त्यातल्या एकाही शब्दाची आठवण काढायची नाही. यातला एकही नियम सरांनी केलेला नव्हता, पण ते पाळले जातात की नाही यावर त्यांचे डोळे असायचे.

शीव जवळ आली तेव्हा सिंधू नावाची एक तरुण बाई बोलली. तिचा नवरा कामाला हैदराबादकडे गेला होता, ते गावात सगळ्यांना माहीत होतं. ती एरवी मान वर करून चालत नसे. ती म्हणाली, "फोन न उचलणं घेऊन जा गे मारबत."  मग सगळं गाव असं ओरडलं की तेवढ्या जोराने आधी कशालाच ओरडलं नव्हतं. दुपारी ती नळावर भेटली. तिला कोणी काही विचारलं नाही, कोणी कीव केली नाही. तिनं घागर उचलली आणि गेली. मला सांडवा कळला तो नळावर. सरांना मात्र मी तसं सांगितलं नाही. त्यांनी त्यातही काहीतरी खोट काढली असती. पुढच्या एका वर्षी मीही ओरडले. काय ओरडले ते सांगणार नाही, नियम आहे.

अनसूयाबाई दरवर्षी फांदी घेऊन यायच्या आणि गप्प चालायच्या. सर सगळ्यांसमोर म्हणायचे, "बोल ना वो. तुह्या पोटात काईच नाई का?" त्या म्हणायच्या, "मले काय हाय? काईच नाई." सर खांदे उडवून पुढे जायचे.

मग एका वर्षी गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "तलावाच्या पोटातला धान घेऊन जा गे मारबत." तलावाचं पाणी उतरलं की आतल्या जमिनीवर हळूहळू बांध पुढे सरकवून कोण धान लावतो, हे सगळ्या गावाला माहीत होतं. सरपंचाचा भाऊ. नाव कोणी घेतलं नव्हतं. पण खाई त्याला खवखवे. दुपारी तो चार माणसं घेऊन सरांच्या अंगणात आला. कोण बोललं ते सांगा, म्हणाला. मारबतीनंतर शब्द परत आणणारा तो गावातला पहिला माणूस असावा.

"मारबतीले विचार," सर म्हणाले. "तिच्यासंग गेलं थे."

त्यानंतर ग्रामसभेत ठरलं की परंपरा आपण जपूच, पण शब्द सभ्य हवेत आणि ते आधी समितीला दाखवावेत. सर तिथेही उठून बोलले, पण लोकांनी माना खाली घातल्या. ज्या लोकांनी धानाच्या वेळी घसा फोडला होता, तेच. मला अजून तो प्रसंग आठवला की चीड येते. पहाटे गर्दीत सगळे शूर असतात, आणि दुपारी सतरंजीवर बसलं की प्रत्येकाला आपला बांध आठवतो.

त्याच हिवाळ्यात गोंदियाच्या सांस्कृतिक महोत्सवाचं आमंत्रण आलं. मारबत मंचावर सादर करा. मला खात्री होती की सर फोकनाड म्हणून ते बाजूला ठेवतील. त्यांनी ठेवलं नाही. "शहरातल्या लोकायनं वाहवा केली तं इथल्या लोकायले बोलणं बंद कराची लाज वाटन," म्हणाले. एवढा शहाणा माणूस, पण आशा लागली की शहाणपण कुठे जातं देव जाणे. त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात बसून नवी मारबत बांधली. इतकी सुंदर त्यांनी आधी कधीच बांधली नव्हती.

गोंदियात आम्हाला एक छापील यादी मिळाली. प्लास्टिक, अस्वच्छता, व्यसन. एवढंच म्हणायचं. गावच्या बायांना भाड्याच्या एकसारख्या हिरव्या साड्या दिल्या. संयोजकांचा माणूस कानाला फोन लावून फिरत होता. सरांनी त्याला अडवलं.

"शीव कुठं हाय?"

"क्या, सर?"

"गावची शीव. मारबत कुठं नेऊन टाकाची?"

"सर, इधर से एंट्री, उधर से एक्झिट. छह मिनट."

बाया यादीतलं बोलल्या. टाळ्या पडल्या. मग लोक मारबतीच्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढायला लागले. सरांनी तिला पेटवायची परवानगी मागितली, तर मैदानात विस्तवाला बंदी होती. शेवटी त्यांनी ती मंचामागे एका कोपऱ्यात उभी केली, तोंड भिंतीकडे करून, आणि तिथेच सोडली. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. सर टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

गावात पोचलो तेव्हा सकाळ झाली होती. टेम्पोचं फाळकं उघडलं आणि बायांच्या मागे, ढोलांच्या आडून, मारबत बाहेर आली. संयोजकांनी चांगल्या मनाने ती आमच्या सामानात चढवली होती. बक्षिसाची वस्तू विसरू नये म्हणून. गेलेली मारबत शिवेच्या आत परत आली होती. बाया तिथून जवळजवळ पळाल्या. दारं लागली. एक म्हातारी काठी टेकत आली, तिनं बाहुलीकडे पाहिलं, मग सरांकडे.

"गोंदियाचे रोग घेऊन आला का गा मास्तर? आमचे आमाले कमी होते का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसे काही ते रोग माझ्याच माहेरचे होते. सरांनी त्याच क्षणी ती उचलून शिवेवर नेली असती. पण हेडसर धावत आले. बक्षीसपात्र कलाकृती आहे म्हणाले, तपासणीला साहेब येतात तेव्हा दाखवायला बरी. शिपायाने तिला आत नेलं. आठवड्याच्या आत काचेचं कपाट आलं आणि त्यावर पाटी लागली, 'आपली संस्कृती'.

त्यानंतरची सरांची वर्षं म्हणजे नुसती चडफड. ते दर सोमवारी हेडसरांकडे जायचे. "मी भुताखेताले मानत नाई. पण झाडून बाहेर टाकलेला कचरा उचलून घरात आणाचा, आन् त्याले काच लावाची? कायले?" हेडसर म्हणायचे, सर, तुमचीच तर कला आहे. तुम्हाला अभिमान हवा. तपासणीला आलेल्या साहेबांनी मारबतीसोबत फोटो काढला. सरांनी स्टाफरूममधली आपली खुर्ची फिरवून घेतली, म्हणजे दारातून ती दिसू नये. मग दहावीची मुलं परीक्षेला जाताना कपाटासमोर हात जोडू लागली. मारबतीला नमस्कार. ते पाहिलं त्या दिवशी सरांनी कपाळावर हात मारून घेतला आणि शालिकचा चहा एक शब्द न बोलता प्यायले. शालिक घाबरून मला विचारायला आला, "सरायची तब्येत बरी हाय ना?"

निवृत्तीच्या समारंभात शाल दिली, नारळ दिला. सरांनी माइक हातात घेतला. "मले काई नोको. थे कपाट उघडा," म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं विनोद केला. टाळ्या वाजल्या.

पुढच्या पोळ्यापर्यंत माझीही गोंदियाच्या शाळेत बदली झाली. खोली रिकामी करायला मी नेमकी पोळ्याच्या दिवशी गेले. दुसऱ्या दिवशी परतायचं होतं आणि सकाळची पहिली एसटी शिवेपासूनच सुटते, म्हणून मी बॅग खांद्याला लावून मारबतीसोबतच निघायचं ठरवलं. मारबत समितीने आणली होती, बाजारातली, गुलाबी गालांची. पुढे एका गाडीवर भोंगा. त्यावर अर्जुनीहून रेकॉर्ड करून आणलेला एका मुलीचा गोड आवाज, मागे संगीत. प्लास्टिक घेऊन जा गे मारबत. अस्वच्छता घेऊन जा गे मारबत. लोक फांद्या आणि फोन घेऊन मुकाट चालले होते. म्हणायला कोणाला काही उरलंच नव्हतं, सगळं भोंगाच म्हणत होता.

सर सगळ्यात मागे होते. वाळले होते, शर्टाचा खिसा मात्र आता स्वच्छ होता. मला म्हणाले, "या. पाहून घ्या. वरात चालून राहिली." मी काहीतरी समजुतीचं बोलले. ते म्हणाले, "फोकनाड."

शीव दिसू लागली. गाडीवरची यादी संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तेव्हा माझ्या शेजारून आवाज आला, न चढवलेला, ताट वाढताना 'आणखी घ्या' म्हणावं तेवढाच.

"बाहेरचा राग घरी आणून जेवाच्या ताटावर काढते, थो राग घेऊन जा गे मारबत."

अनसूयाबाई. फांदी छातीशी धरून सरळ समोर बघत चालल्या होत्या. भोवतीची माणसं थांबली. नाव कोणी घेतलं नव्हतं. मी सरांकडे पाहिलं. आयुष्यभर प्रत्येकाला तोंडावर उत्तर देणाऱ्या माणसाचं तोंड उघडलं होतं. उत्तर आत तयार असणार, मला खात्री आहे, मीठ कमी असल्याचा पुरावा देणारं. त्यांनी तोंड मिटलं. ओठ हलले तेव्हा अगदी हळू, पण त्यांनी म्हटलं.

"घेऊन जा गे मारबत."

ते ऐकून मागची सिंधू ओरडली, मग शालिक, मग सगळे. अनसूयाबाईंनी पुन्हा काही म्हटलं. मीठ की काय होतं, गलक्यात नीट ऐकू आलं नाही. मग दुसऱ्या बायांचं सुरू झालं. कोणीतरी तलावाचं नाव काढलं. गाडीवाल्याने भोंग्याचा आवाज वाढवला, लोकांनी आपला वाढवला. कोण जिंकलं ते सांगता येणार नाही. पुढच्या वर्षी समितीने आणखी मोठा भोंगा आणला असेल, आणि कपाटातली मारबत तर शोकसभेत हार घालून उभीच होती.

शिवेवर गुलाबी बाहुली पेटली. सरांनी फांदी टाकली, अनसूयाबाईंनी टाकली आणि दोघं परत फिरले. एरवी ते पुढे आणि त्या चार पावलं मागे असत. आज त्या पुढे होत्या. सर मागून चालले होते, मिटलेली छत्री हातात, मान खाली.

माझी एसटी आली. कंडक्टर घंटी वाजवत होता. मी पायरीवरून मोठ्याने हाक मारली, "सर, येते मी."

आमचं शेजारच्या खुर्चीचं इतक्या वर्षांचं नातं. मी पुन्हा हाक मारली. त्यांना ऐकू गेलं होतं, कारण पाऊल क्षणभर अडलं. पण त्यांनी मागं पाहिलं नाही. पाहायचं नसतं.